आटलेला पान्हा परत येतो

‘दूध आटले’ हे दोन शब्द आपल्या घरांतून किती सहज उच्चारले जातात! बाळंतिणीला चार दिवस ताप आला, ती रुग्णालयात राहून आली, अथवा बाळच काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले, की कोणीतरी वडीलधारे माणूस सुस्कारा सोडून हा निकाल देते, आणि त्यावर मग अपील म्हणून उरत नाही. फळीवर पावडरच्या दुधाचा डबा येतो, पातेल्यात बाटली उकळू लागते, आणि आई मात्र आपल्याच लेकराची अपराधी असल्यासारखी मान खाली घालून बसते. विहीर आटली म्हणजे पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते, हे खरे. परंतु आईचे दूध ही काही विहीर नव्हे. थोड्या दिवसांच्या खंडानंतर ते बहुधा परत आणता येते. ही गोष्ट आपल्या देशातील पुष्कळ मातांना, आणि त्याहूनही अधिक सासवांना, ठाऊक नसते.

भिलाईतील एक घर

भिलाईच्या पोलाद-नगरीत भारताच्या साऱ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. अशाच एका वसाहतीत आमच्या परिचयाचे एक मराठी बिऱ्हाड आहे. घरधनी कारखान्यात नोकरीस. पत्नीचे पहिलेच बाळंतपण. सासूबाई त्यासाठी मुद्दाम गावाहून आलेल्या. मुलगा सुदृढ होता, अंगावर पोटभर पीत होता. सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाच्या वेळी त्याचे वजन ४ किलो १०० ग्रॅम भरले, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या गालाला काजळाची तीट लावली.

सातव्या आठवड्यात आईला ताप भरला. तपासणीत विषमज्वर निघाला आणि तिला आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले. ‘तापकरी आईचे दूध बाळाला बाधते’, असे नात्यागोत्यातील सर्वांचेच मत पडले. बाळ आजीपाशी राहिले आणि बाटलीवर पिऊ लागले. आई घरी आली तरी अशक्तपणा होता, औषधे चालू होती. म्हणून आणखी काही दिवस तसेच गेले. सतराव्या दिवशी तिने धीर करून बाळाला पदराखाली घेतले. त्याने दोनदा ओढून पाहिले, तोंड फिरवले, आणि असा आकांत मांडला की शेजारपाजारचे लोक दाराशी आले. “आटलं ग बाई तुझं दूध,” सासूबाई कळवळून म्हणाल्या, “आता उगाच त्याला रडवू नकोस.”

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना जे ठाऊक होते तेच त्या बोलल्या. परंतु ह्या मधल्या दिवसांत बाळाला दोनदा जुलाब झाले होते. आणि दहाव्या आठवड्याच्या लसीसाठी त्याला नेले, तेव्हा काटा ४ किलो ३०० ग्रॅमवर थांबला. चार आठवड्यांत अवघे २०० ग्रॅम! परिचारिकेने माता-बाल संरक्षण कार्डावरील दोन्ही आकडे पाहिले आणि साधाच प्रश्न विचारला, “अंगावर पितो ना?” त्यावर आईच्या डोळ्यांना धार लागली. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर त्या बाईंनी जे सांगितले, त्यातच ह्या लेखाचे सार आहे. दूध आटलेले नाही, ते थांबलेले आहे. आणि जे बंद पडल्याने ते थांबले त्यानेच, म्हणजे बाळाच्या ओढण्याने, ते पुन्हा सुरू होईल.

बाळ पिते म्हणून दूध येते

दूध असते म्हणून बाळ पिते, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः बाळ पिते म्हणून दूध येते. बाळाने स्तन ओढला की तेथील मज्जातंतूंवाटे मेंदूकडे निरोप जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात मिसळतात. त्यांतील प्रोलॅक्टिन दूध तयार करविते. ऑक्सिटोसिन हे स्तनातील सूक्ष्म पेशींना आकुंचित करून तयार झालेले दूध पुढे ढकलते. ह्या दुसऱ्या क्रियेलाच आपल्या भाषेत पान्हा फुटणे म्हणतात. बाळाच्या रडण्याने, त्याच्या नुसत्या आठवणीनेही तो फुटतो. आणि वेदना, चिंता व टोमणे यांनी तो अडतो. म्हणून ‘तुला दूध नाही’ असे आईला उठता-बसता ऐकविणे हे केवळ निष्ठुरपणाचे नाही, तर शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अपायकारक आहे.

निसर्गाची आणखी एक योजना लक्षात घेण्याजोगी आहे. स्तनात साठलेले दूध बाहेर पडले नाही, तर ते साठलेले दूधच पुढील निर्मिती मंद करण्याची सूचना देते. जेवढी मागणी तेवढा पुरवठा, असा हा हिशेब आहे. मागणी थांबली की दूध निर्माण करणारा पेशीसमूह हळूहळू आकसू लागतो. परंतु तो एका रात्रीत नाहीसा होत नाही, आणि ओढणे पुन्हा सुरू झाले की पुन्हा वाढीस लागतो. ह्या क्रियेला वैद्यकात ‘रिलॅक्टेशन’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली ह्या विषयावर एक स्वतंत्र पुस्तिका काढली. तीत तीन गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या आहेत : पाजण्याची मनापासून इच्छा, स्तनांना वारंवार मिळणारी चेतना आणि भोवतालच्या माणसांचा सतत आधार. दत्तक मूल घेतलेल्या, कधीही बाळंत न झालेल्या स्त्रियांनाही ह्या मार्गाने काही प्रमाणात दूध आल्याची उदाहरणे आहेत. मग दोन-तीन आठवड्यांचा खंड पडलेल्या आईने निराश का व्हावे? बाळ जितके लहान आणि खंड जितका अल्प, तितके हे काम सोपे. तीन महिन्यांच्या आतील बाळ बहुधा लवकर वळते. मोठे मूल अधिक चिकाटी मागते.

न पडता चालला असता असा खंड

प्रथम हे सांगितले पाहिजे की, असे खंड पुष्कळ वेळा टाळता येण्यासारखे असतात. साध्या तापात, सर्दी-खोकल्यात, विषमज्वरात, इतकेच काय पण क्षयरोगातही, योग्य उपचार व स्वच्छता सांभाळून बहुतेक मातांना पाजता येते. आईच्या शरीरात रोगाशी लढण्यासाठी जी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती दुधावाटे बाळालाही मिळतात. कोविडच्या साथीत, २०२० साली, भयापोटी अनेक नवजात बालके आईपासून दूर ठेवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र स्तनपान चालू ठेवण्याचाच होता. बहुतेक औषधांनीही पाजणे बंद करावे लागत नाही. कर्करोगावरील काही औषधे, किरणोत्सर्गी द्रव्ये अशा मोजक्या प्रसंगी ते थांबवावे लागते; आणि एच. आय. व्ही. असल्यास डॉक्टरांच्या मार्गदर्शनाने निर्णय घ्यावा लागतो. तेव्हा औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ‘मी बाळाला पाजते’ हे प्रत्येक मातेने आधीच सांगावे. पाजणे खरोखरच अशक्य असेल त्या दिवसांत हाताने किंवा पंपाने ठराविक वेळी दूध काढीत राहिले, तर पान्हा टिकून राहतो.

पुन्हा आरंभ

आता भिलाईच्या घरात काय घडले ते पाहू. परिचारिकेने पहिली गोष्ट केली ती बाटली बंद करण्याची. बाटलीतून दूध आयतेच वाहते. तिची सवय झालेले बाळ स्तनावर कष्ट घ्यावयास नाखूश असते. शिवाय बाटली व तिचे बूच स्वच्छ ठेवणे आपल्या घरांतून कठीण जाते. वरचे दूध द्यावयाचे, पण वाटी-चमच्याने, असे ठरले. ही वार्ता शेजारच्या तमिळ आजीबाईंच्या कानी गेली, तेव्हा त्या आपल्या नातवंडांची जपून ठेवलेली पालाडै घेऊन आल्या. लांबट चोच असलेली ती उथळ वाटी पाहून सासूबाई उद्गारल्या, “अहो, हे तर आमचं बोंडलं!” दोन दूरच्या प्रांतांतील आज्यांनी एकच युक्ती योजिलेली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे जवळीक. बाळाला उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर निजवावयाचे, वरून पांघरूण घालावयाचे आणि पाजण्याची कसलीही सक्ती करावयाची नाही. भुकेने टाहो फोडणाऱ्या बाळाला नव्या गोष्टीची गोडी लागत नाही. म्हणून ते जरासेच भुकेले असताना, किंवा अर्धवट झोपेत असताना त्याला स्तनाशी घ्यावे. नुसते स्तनाग्र तोंडात देऊन भागत नाही. त्याभोवतीच्या काळसर वर्तुळाचा बराच भाग बाळाच्या तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसावा.

तिसरी गोष्ट वेळांची. दिवसरात्रीच्या चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, प्रत्येक बाजूस सुमारे १० ते १५ मिनिटे पाजावयाचे. रात्रीचे पाजणे चुकवावयाचे नाही, कारण प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. प्रथम अंगावर घ्यावयाचे आणि मग वाटीने वरचे दूध द्यावयाचे, हा क्रम मोडावयाचा नाही.

परंतु स्तनात दूध नसताना बाळ ओढील कसे? त्यावर आपल्याकडील दवाखान्यांतून एक साधा उपाय सांगितला जातो. बाळ स्तनाशी असताना दुसऱ्या कोणीतरी चमच्याने किंवा ड्रॉपरने दुधाचे थेंब स्तनावरून हळूहळू ओघळू द्यावेत. ते बाळाच्या तोंडात जातात आणि त्याला ओढण्याचे फळ मिळते. दुसरा उपाय बारीक, निर्जंतुक नळीचा. तिचे एक टोक दुधाच्या वाटीत बुडवावयाचे आणि दुसरे स्तनाग्राशेजारी चिकटपट्टीने बसवावयाचे; वाटी वर-खाली करून धार कमी-अधिक करता येते. हा दुसरा प्रकार मात्र परिचारिकेकडून समजून घेऊनच करावा आणि नळी प्रत्येक वेळी नीट स्वच्छ करावी. बाळ मुळीच तोंड लावीत नसेल, तर तितक्याच वेळा हाताने स्तन पिळून चेतना द्यावी : अंगठा व बोटे वर्तुळाच्या कडेवर ठेवून छातीकडे दाबावयाची, मग एकमेकांजवळ आणावयाची आणि सोडावयाची. त्वचेवरून बोटे घासू नयेत.

भिलाईच्या घरी चमचा धरण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले. पहिले दोन दिवस बाळ रडले, आई रडली, आणि तिसऱ्या रात्री बाळाचे वडीलही ‘हा खटाटोप पुरे’ असे म्हणून गेले. चौथ्या दिवशी सकाळी आईने स्तन दाबून पाहिला, तो स्तनाग्रावर दुधाचा एक थेंब उभा राहिला. तो पाहावयास साऱ्या घराला बोलावण्यात आले. आठव्या दिवशी बाळ पिताना गिळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

वरचे दूध कसे कमी करावे

येथे सर्वांत मोठी सावधगिरी हवी. ‘भूक लागली की आपोआप ओढील’ असे म्हणून वरचे दूध एकदम तोडणे धोक्याचे आहे. उपाशी बाळ थकते आणि थकलेले बाळ ओढू शकत नाही. लहान बाळाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाकाठी सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. ४ किलो ३०० ग्रॅमच्या ह्या बाळास आरंभी सुमारे ६५० मिलिलिटर वरचे दूध पूर्ण देण्यात आले. आईचे दूध येऊ लागल्यावर, दिवसाच्या एकूण दुधातून रोज ३० ते ६० मिलिलिटर याप्रमाणे ते उतरवीत नेण्याची पद्धत आहे. वजन वाढेनासे झाले तर काही दिवस कपात थांबवावी, जरूर तर मात्रा थोडी वाढवावी, आणि मग पुन्हा उतरण आरंभावी.

बाळाला पुरते की नाही, हे त्याच्या रडण्यावरून ठरवू नये. चोवीस तासांत निदान सहा वेळा स्वच्छ लघवी आणि आठवड्याला निदान १२५ ग्रॅम वजनवाढ, हे दोन भरवशाचे साक्षीदार आहेत. बाळ मलूल दिसले, लघवी कमी वा गडद झाली, किंवा ताप आला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

पावडरचे दूध चालू असेतोवर ते डब्यावरील प्रमाणानेच करावे. डबा पुरविण्यासाठी त्यात पाणी वाढविणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणेच होय. ही पावडर निर्जंतुक नसते. म्हणून उकळलेले पाणी ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्यापूर्वीच ती त्यात मिसळावी, मग दूध सोसवेल इतके निववून पाजावे आणि उरलेले टाकून द्यावे.

डिंकाचे लाडू आणि औषधे

अळिवाची खीर, मेथीचे व डिंकाचे लाडू, शेपूची भाजी हे आपल्याकडील बाळंतिणीचे पदार्थ तिला अवश्य द्यावेत. त्यांनी अंगात शक्ती येते, मनाला बरे वाटते आणि आपली कोणी काळजी घेत आहे हे तिला कळते. मात्र बाळाच्या ओढण्याची जागा कोणताही लाडू घेऊ शकत नाही. तिने पोटभर चौरस आहार घ्यावा व तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. दूध वाढविण्यासाठी डॉक्टर क्वचित काही औषधे देतात. त्यांचे दुष्परिणामही असतात, म्हणून ती कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नयेत. स्तन लाल होऊन दुखू लागला व ताप आला तरीही वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घराचे व समाजाचे कर्तव्य

दिवसातून दहा-बारा वेळा बाळाला घेऊन बसणाऱ्या स्त्रीने स्वयंपाक, धुणे आणि पाहुणे केव्हा सांभाळावेत? ह्या प्रश्नाचे उत्तर घराने द्यावयाचे आहे. निदान काही आठवडे तिला दुसरे काम असू नये. पतीने बाळाची ढेकर काढावी, दुपटी बदलावीत, रात्री बाळाला उचलून आईजवळ द्यावे. नोकरी करणाऱ्या मातेची अडचण निराळी असते. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली; परंतु शेतात, बांधकामावर व घरकामास जाणाऱ्या असंख्य भगिनींच्या वाट्याला ती येत नाही. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपण अभिमानाने सांगतो. महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना तिचेच नाव दिले आहे. प्रत्येक कामाच्या जागी असा एक आडोसा मिळाला, तर पुष्कळ मातांचे दूध मुळात थांबणारच नाही.

बाळाच्या दुधाचे पर्याय व बाटल्या यांच्या जाहिरातींना आणि फुकट नमुन्यांना आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ साली तो कायदा अधिक कडक झाला. २०१६ पासून ‘माँ’ ह्या कार्यक्रमाद्वारे आशा व परिचारिका यांना स्तनपानविषयक शिक्षण दिले जात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील शेकडा ५४.९ बालके केवळ आईच्या दुधावर होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ६३.७ झाले. ही प्रगती खरी. तरी शंभरातील छत्तीस बालकांना त्या वयात पाणी, वरचे दूध वा अन्य काही दिले जात होतेच. ह्यांतील किती मातांना परतीची वाट आहे हे कोणी सांगितले असेल?

इतके सारे करूनही काही मातांचे दूध पुरे येत नाही. अशा वेळी अर्धे आपले व अर्धे वरचे, असे झाले तरी ते अपयश मानू नये. मिळालेल्या प्रत्येक घोटाचा बाळाला उपयोगच होतो. आणि मुळीच जमले नाही, तर स्वच्छतेने व योग्य प्रमाणात वरचे दूध पाजणारी आईही तितकीच आई असते. तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही.

भिलाईच्या बाळाला चौदाव्या आठवड्याची लस देण्यास नेले, तेव्हा त्याचे वजन ५ किलो १०० ग्रॅम भरले. त्या वेळी संध्याकाळचे एक वाटीभर दूध अजून वरचे होते. आणखी आठ दिवसांनी तेही सुटले. पालाडै स्वच्छ घासून आजीबाईंना परत गेली. फळीवरच्या रिकाम्या डब्यात सासूबाईंनी अळीव भरून ठेवले. धाकट्या सुनेचे बाळंतपण पुढच्या वर्षी आहे, त्या वेळी उपयोगी पडतील म्हणून. आणि ‘दूध आटले’ असे कोणी म्हणालेच, तर काय सांगावयाचे हे आता त्यांना पक्के ठाऊक आहे.